फीत म्हशीनं तोडली

२० ऑक्टोबर १९८८, गुरुवार. दसरा.

वहीबाई, राग मानू नकोस. जानेवारीत तू घरात आलीस आणि आज दसऱ्याला तुला पहिल्यांदा उघडतो आहे. शोभीनं, म्हणजे माझ्या बाळूच्या थोरलीनं, नवीन वर्षाला दिली होती. म्हणाली, "तात्या, दिवसभर काळजी करत घरभर फिरतासा, त्यापेक्षा लिहून काढा." मी म्हटलं लिहीन. मग वाटलं, आपलं शिक्षण चौथी, तेही परीक्षेच्या वेळी गोवर आलेला. चुकलं तर चांगली वही वाया. असं म्हणता म्हणता दसरा आला. मागची एवढी पानं कोरी राहिली, त्यांचं काय करायचं ही आता नवी काळजी.

पण आज लिहिणं भाग आहे. सकाळी सोनं द्यायला हिचा भाऊ शंकर आला, तो शोभीसाठी स्थळ घेऊनच आला. मुलगा अजित, इंजिनिअर, शिरोलीला फौंड्रीत. (बाळूही फौंड्रीतच, पण दुसऱ्या.) राहतो इथंच खोली घेऊन, घर गारगोटीला. वडील हायस्कुलात खेळाचे मास्तर. व्यसन नाही. सगळंच चांगलं. मला तिथंच शंका यायला हवी होती.

बाळूनं श्रीखंड खाता खाता विचारलं, "मास्तरांचं नाव काय?"

शंकर म्हणाला, "दिनकरराव. मूळचं कुरुंदवाडचं."

बाळूचा हात वाटीतच राहिला. "कुरुंदवाडचा दिन्या? पळणारा?"

"पळायचं म्हणं कॉलेजात असताना."

बाळू उठला, हात धुतला, गोठ्यात जाऊन बसला. श्रीखंड तसंच. शेहेचाळीस वर्षांचा झाला, पण ह्या पोरानं श्रीखंड टाकलेलं मी आजवर बघितलं नव्हतं.

२१ ऑक्टो.

पोटात गडबड. काळजीनं की श्रीखंडानं, कळत नाही. (बाळूची वाटी मी संपवली.)

धारेच्या वेळी शोभी गोठ्यात आली. इकडं तिकडं बघून म्हणाली, "तात्या, स्थळ शंकरआबांनी आणलं न्हाय. आमी त्यांना आणाय लावलं."

"आमी म्हंजे?"

"मी आणि अजित. रोज सकाळी आपण म्हशी पिळून दूध विकतो त्या कट्ट्यावर दूध प्यायला येतोय की. उंच, चष्मा."

आठवला. गिऱ्हाईक चांगलं आहे. मी म्हटलं, दुधाचा शौकीन दिसतो.

शोभी म्हणाली, "त्याला दूध पचत न्हाय तात्या. तरी दोन वर्षं पितोय."

मी धार थांबवली. पोरगी पुढं म्हणाली, "एवढं जमू दे. फक्त कुणी रंकाळ्याची ती शर्यत काढू नका. तुमच्या पाया पडते."

म्हणजे तिलाही माहीत. ह्या घरात शिंगं फुटायच्या आधी रेडकालासुद्धा माहीत होतं.

२२ ऑक्टो., शनिवार.

बासष्ट सालचं आज लिहून टाकतो, म्हणजे एकदाचं डोक्यातून जाईल.

आमच्या घरात म्हशी. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवायच्या, शिंगं रंगवायची आणि फटफटीमागं पळवायच्या, ही पेठेची रीत. त्यासाठी वर्षभर सराव. फटफटीचा सायलेन्सर काढायचा, मालक पुढं, म्हस मागं. आमची हरणी तेव्हा गंगावेशीत नंबर एक. अशात बाळू कॉलेजात गेला. हाडकुळं पोरगं. तिथले खेळाचे सर म्हणाले, लांब पल्ल्याला चांगला आहे, घरी तयारी करून घ्या. आता माणसाची तयारी कशी करून घेतात मला काय ठाऊक? मला म्हशीची ठाऊक. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी. पुढं मी फटफटीवर, मागं बाळू. हरणीला बांधून ठेवलं तर आवाज ऐकून दावं तोडून यायची, म्हणून तिलाही घेतली. पुढं फटफटी, मागं शिंगं. मधल्या पोरानं पळू नये तर काय करावं?

दुसऱ्या कॉलेजात हा दिनकर. शेतकऱ्याचं पोर, होस्टेलवर राहायचा. लग्न झालं होतं तरी पळायचा. पहिल्या वर्षी रंकाळ्याची शर्यत त्यानं मारली, दुसऱ्या वर्षी बाळूनं. तो बाळूला रेडकू म्हणायचा, बाळू त्याला कृष्णाकाठचं वांगं. तिसऱ्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी आमच्या दारात कडब्याची पेंढी येऊन पडली. रेडकाला शुभेच्छा म्हणून. बाळूनं होस्टेलवर पाटीभर वांगी धाडली. आचाऱ्यानं ती भरून केली आणि दिन्यानं दोनदा मागून खाल्ली, हे कळल्यावर बाळू रात्री जेवला नाही.

शर्यतीत कुणी फटफटी आणायची नाही असा नियम निघाला. (माझ्यामुळंच निघाला.) शर्यत संपायची रंकाळ्याच्या टॉवरजवळ; मी तिथं गर्दीच्या मागं गाडी लावून उभा. शेवटाला दोघं आले ते खांद्याला खांदा लावून. मी गाडी चालू केली. का केली म्हणून लोक अजून विचारतात. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतो: थंडी होती, गाडी गार पडली होती. बाळूनं आवाज ऐकला आणि सुटला. दिनकरही सुटला. पण हरणी तिथंच पाण्यात डुंबत होती, आवाज तिनंही ऐकला. निघाली ती चिखलासकट रस्त्यावर. आधी दोघांच्या मागं, मग दोघांच्या मधनं. लोक पांगले. पंचांचा चष्मा पडला. फीत तोडली ती हरणीनं. शिंगाला फीत लोंबतेय, अशी माझ्या गाडीजवळ येऊन उभी राहिली आणि माझा हात चाटायला लागली. तिचं काय चुकलं? शिकवलं ते केलं.

निकाल लागलाच नाही. आमच्या कॉलेजनं आपल्या फळ्यावर बाळूचं नाव रंगवलं, त्यांनी आपल्या फळ्यावर दिनकरचं. दोन्ही फळे अजून आहेत. दोन्ही खोटे.

लिहिलं. डोक्यातून गेलं नाही.

२३ ऑक्टो., रविवार.

पावणे येऊन गेले. (इथून पुढं दिनकररावांना ग. मा. लिहिणार, म्हणजे गारगोटीचे मास्तर. पूर्ण नाव लिहिलं की माझं बी.पी. वाढतं.)

ग. मा. दारातून आत आले तेव्हा त्यांनी बाळूच्या पोटाकडं बघितलं. बाळूनं त्यांच्या. दोघांनाही जरा बरं वाटलेलं दिसलं. मग पाऊस झाला, उसाचा दर झाला, शिरोलीची धूळ झाली. शोभी पोहे देऊन गेली. मी मनात अंबाबाईला म्हणत होतो, आता एवढ्यात उठू दे सगळ्यांना.

ग. मा.च्या मंडळी चहा पिऊन म्हणाल्या, "दूध घरचंच दिसतंय?"

ही म्हणाली, "व्हय की. म्हशी हायत अजून."

ग. मा. इतका वेळ छताकडं बघत होते. ते म्हणाले, "अजून पळतात का?"

बाळू म्हणाला, "पळतात की. मास्तर लोकांच्या पुढं पळतात."

 अजितनं घाईघाईनं ग्लासभर दूध मागितलं. पचत नाही, तरी मागितलं. पोरगं गुणी आहे.

ग. मा.नी पान बाजूला ठेवलं. "मुलगी पसंत आहे. देणंघेणं नको, मानपान नको. एकच गोष्ट. बाळासाहेबांनी चार माणसांत म्हणावं, बासष्ट साली दिनकर पुढं होता."

बाळू म्हणाला, "मुलीचा बाप हाय. पाया पडतो. मांडवात तुमचं पाय धुतो. पण दुसरा आलो म्हणणार न्हाय."

ग. मा.च्या मंडळी हिला म्हणाल्या, "बघा. आमच्यात जेवायला बसलं की रोज ही शर्यत होतीय. माझं उभं आयुष्य रंकाळ्याला फेऱ्या मारण्यात गेलं."

दोघी हसल्या. दोघं हसले नाहीत. शोभी आतल्या दाराआड उभी होती, तिचा पदर तेवढा दिसत होता.

२४ ऑक्टो.

शोभी जेवली नाही. बाळू जेवला नाही. अजित कट्ट्यावर आला, दूध प्यायला, पोट धरून गेला.

२६ ऑक्टो., बुधवार.

कुणाला न सांगता एस.टी.नं गारगोटीला जाऊन आलो. हिला सांगितलं, दात दाखवायला जातो. (मला दात नाहीत. ही काही बोलली नाही, म्हणजे तिला कळलं.) गाडीत सारखं वाटत होतं, आपण चुकीच्या गाडीत बसलोय. कंडक्टरला तीनदा विचारलं. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, तुम्हाला उतरवल्याशिवाय मी घरला जात न्हाय, मग तर झालं?"

ग. मा. शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन पोरांना पळवत होते. मला बघून घरी नेलं, पितळी भरून जेवायला वाढलं. वांग्याची भाजी होती. मी दोनदा मागून खाल्ली.

जेवल्यावर म्हणाले, "तात्या, नोकरीला लागल्यापासून प्रत्येक वर्गाला सांगत आलो, ती शर्यत मी मारली म्हणून. पोरं ते ऐकून पळतात. आता व्याही मिळावा म्हणून खोटा पडू?"

मी म्हटलं, "बाळूनंबी फौंड्रीत तेच सांगितलंय. त्याच्या हाताखाली माणसं हायत."

मग म्हणाले, "एक सांगू? तुमच्या फटफटीचा आवाज मला आलाच नाही. मला मागं खुरं ऐकू आली. तसा मी आयुष्यात परत कधी पळालो नाही." मग विचारलं, "आहे का ती?"

"हरणी गेली. तिची नात हाय, तारा."

त्यांनी मान हलवली. मला बरं वाटलं. वाटलं, मिटलं. तर म्हणाले, "बाळूला सांगा, पाडव्याला परत पळू. तोच रस्ता. जो पुढं येईल त्याचं खरं, आणि लग्न पक्कं."

मिटवायला गेलो आणि शर्यत घेऊन आलो.

२७ ऑक्टो.

बाळू एका शब्दात तयार झाला. हिला सांगितलं तर म्हणाली, "दात दाखवाय गेलता न्हवं? मग शर्यत कुठनं उपटून आणली?"

३० ऑक्टो., रविवार.

बाळूचा पहिला सराव. पहाटे गेला, उजाडल्यावर रिक्षातून परत आला. म्हणाला, रिक्षावाला ओळखीचा निघाला, नको म्हणवेना.

१ नोव्हें.

आज परत ओळखीचा रिक्षावाला.

२ नोव्हें.

डॉक्टरांकडं गेलो. विचारलं, पन्नाशीकडं आलेला माणूस पळाला तर मरतो का? डॉक्टर घाबरून म्हणाले, "कोण पळतंय? तुम्ही?" माझंच बी.पी. बघितलं. वाढलंय. गोळी लिहून दिली.

पण मला एक दिसतं ते डॉक्टरांना दिसत नाही. दोघांतलं कुणी एक पळताना गेलं, तर सुतक. वर्षभर लग्न नाही. अजितनं आणखी एक वर्ष दूध कसं प्यायचं?

५ नोव्हें., शनिवार.

शोभी सांगते, ग. मा. पण पहाटे पळतात. पुढं शाळेची पोरं, मागं हे. पोरं पुढं जाऊन बसतात, वाट बघतात, मग हे आले की परत उठतात.

संध्याकाळी बाळू गोठ्यात आला. ताराच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "तात्या, फटफटी चालू हाय का अजून?"

मी म्हटलं, "न्हाय. इंजिन गेलं."

चालू आहे. कालच पुसली. पोरगं एवढं मोठं झालं, डोकीवर केस राहिले नाहीत, आणि परत माझ्या मागं पळायला मागतंय.  तरी किल्ली हिच्याकडं दिली. म्हटलं, पाडवा होईपर्यंत मी मागितली तरी द्यायची नाही. हिनं पदराच्या गाठीला बांधली. म्हणाली, "एवढं शहाणपण बासष्ट साली कुठं गेलतं?"

म्हटलं, तेव्हा थंडी होती.

९ नोव्हें. लक्ष्मीपूजन.

बाळू कडबोळी खाईना. जड पडतात म्हणाला. मी सगळ्या देवांना वेगळं वेगळं सांगितलं, दोघंही जगू देत.

१० नोव्हें., गुरुवार. पाडवा.

आत्ताच घरी आलो, घाईत अक्षर वाकडं आलं तर वहीबाई, समजून घे.

म्हशी निघायच्या आधी शर्यत, असं ठरलं होतं. टॉवरजवळ अख्खी पेठ जमलेली. फितीचं एक टोक शंकरच्या हातात, एक अजितच्या. ग. मा. निळ्या अर्ध्या विजारीत, गळ्यात शिट्टी. बाळूच्या अंगात कॉलेजचा बनियन. पोटापर्यंत पोचत नव्हता. कुणीतरी ओरडलं, "रेडकू आलं रं!" दुसऱ्या बाजूनं, "वांगं बी आलंय की!" आणि सुटले.

तळ्याच्या वळणापर्यंत दिसले. बाळू पुढं, मग ग. मा. पुढं. मग दिसेनासे झाले.

ते काही येईनात.

मी बसलो, उठलो, बसलो. गोळी खाल्ली. लोक चहा पिऊन आले. मी म्हटलं, माणूस पाठवा, कुणीतरी पडलंय. ग. मा.च्या मंडळी म्हणाल्या, "येतील हो. एकटा असता तर काळजी. भांडायला दोघं आहेत म्हटल्यावर कुठं जातात?"

आले. चालत. बाळूनं कंबर धरलेली, ग. मा. लंगडत होते. एकमेकांच्या खांद्यावर हात. आणि बोलत होते! मधेच हसलेसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी देवळाच्या दिशेला हात जोडले.

फितीच्या अलीकडं येऊन दोघं थांबले.

बाळू म्हणाला, "या मास्तर. व्हा पुढं. मुलाकडचं तुमी, मान तुमचा."

ग. मा. म्हणाले, "म्हणजे? तुम्ही थांबणार आणि मी जाणार? उद्या सांगाल, मी सोडली म्हणून मास्तर आला."

"बरं मग, मी जातो."

"जा की. मुलीचा बाप व्याह्याच्या पुढं गेला, हे मी गारगोटीत कुणाला सांगू?"

"मग बरोबर जाऊ."

"बरोबर तर तेव्हाही होतो! तेच तर भांडण आहे!"

शंकरचा हात दुखायला लागला. पेठेतनं कुठंतरी फटफटीचं फायरिंग सुरू झालं, म्हशींची वेळ झाली होती.  हिनं पदराची गाठ घट्ट धरली.

तेवढ्यात शोभी गर्दीतनं आली. पाडव्याची नवी साडी, डोळे लाल. कुणाकडं बघितलं नाही. सरळ चालत फितीतनं पार झाली. म्हणाली, "झालं. बासष्ट साली म्हस पहिली, आज मी पहिली. आता तुमच्यातलं दुसरं कोण आणि तिसरं कोण, ते तुमी बसून ठरवा."

आणि तशीच चालत घराकडं निघाली. फीत खांद्यावर. शंकरनं आपलं टोक सोडलं होतं, पण अजितनं सोडलंच नव्हतं. ती पुढं आणि तो टोक धरून मागं. फटफटीमागं म्हस जाते तसा.

ग. मा.च्या मंडळी हसता हसता खाली बसल्या. अख्खी पेठ हसली. ग. मा. हसले नाहीत. त्यांनी चपला घातल्या, बाळूला नमस्कार केला आणि म्हणाले, "विचार करून निरोप पाठवतो."

निरोप पाठवतो म्हणजे काय? होय की नाही?

१३ नोव्हें., रविवार.

निरोप नाही. बाळूच्या पायाला तेल लावतोय. विचारलं, तळ्याच्या पलीकडं एवढा वेळ काय बोलत बसलेलासा?

"काय न्हाय. हरणीचं बोलत होतो."

"काय बोललासा?"

"न्हाय, आपलं असंच. चांगली पळायची म्हणून." आणि कूस बदलली.

१४ नोव्हें.

निरोप नाही. गारगोटीची एस.टी. येते त्या वेळी स्टँडवर जाऊन बसलो. त्या दिवशीचाच कंडक्टर. म्हणाला, "आजोबा, आज कुठं?" म्हटलं, कुठं नाही.

१७ नोव्हें.

शंकर गारगोटीचं एक ऐकून आला. मास्तरांनी वर्गात पोरांना नवीन सांगितलं म्हणे. त्या शर्यतीत पहिली म्हस आली होती. पोरांनी विचारलं, "मग सर, दुसरं कोण?" तेवढ्यात शाळेची घंटा झाली.

मी शंकरला विचारलं, घंटा वेळेवर झाली, की मास्तरांनी करायला लावली? त्याला माहीत नाही. महत्त्वाचं तेच विचारून येत नाही.

२० नोव्हें., रविवार.

तुळशीची लग्नं आली. लोकांच्या दारात ऊस बांधून झाले, लोकांच्या तारखा धरून झाल्या. आमच्यात सगळे दाराकडं बघत बसलेत. बाळू म्हणतो, आपण मुलीकडचे, आपण विचारायचं नाही. मग विचारायचं कुणी, म्हशीनं? अजित रोज येतो, दूध पितो. आज शोभीनं त्याच्या ग्लासात निम्मं पाणी घातलेलं मी बघितलं. माझ्या कट्ट्यावर, माझ्या डोळ्यांदेखत दुधात पाणी. मी दुसरीकडं बघितलं.

ती फीत तिनं आरशाला बांधून ठेवली आहे.

दिनकरराव, पावणं, पूर्ण नाव लिहितोय बघा, बी.पी. गेलं खड्ड्यात. काय ते लवकर कळवा. माणूस धाडा, फोन करा, नाहीतर त्या कंडक्टरजवळ दोन शब्द सांगा, तो चांगला आहे. होय म्हणायचं असेल तर होय म्हणा. दुसरं कोण त्याचीच अडचण असेल, तर दुसरा मी. चार माणसांत सांगतो. मी तर फटफटीवर होतो, फितीपासून दहा पावलांवर, तरी हरणी माझ्या आधी पोचली.